कोरोमंडलचा पडदा मूळचा कुठला?

जुन्या फर्निचरच्या लिलावात ‘कोरोमंडल स्क्रीन’ हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर तमिळनाडू-आंध्रचा किनारा येतो. चोळमंडलचं युरोपीय जिभांवर झालेलं कोरोमंडल. पण काळ्याभोर, चकचकीत पाटांचा हा घडीचा पडदा त्या किनाऱ्यावर कधीच बनला नाही. तो अस्सल चिनी. 17व्या शतकात चीनहून निघालेला माल मद्राससारख्या बंदरांत जहाज बदलून युरोपला जायचा. तिथलं नाव पडद्याला चिकटलं ते नंतर, 18व्या शतकातल्या फ्रेंच व्यापाऱ्यांमुळे. त्याआधी इंग्रज याच कामाला ‘बँटम वर्क’ म्हणत, कारण तो जावामधल्या बांतेन बंदरातून यायचा. तिथली वखार इंग्रजांच्या हातून 1682 मध्ये गेली. म्हणजे दोन्ही नावं वाटेतल्या थांब्यांची. देवगडचा हापूस वाशीच्या बाजारातून आला म्हणून त्याला ‘वाशी हापूस’ म्हणावं, तसलाच प्रकार.

त्याला ‘लाखेचं काम’ म्हणावं तर तिथेही फसगत आहे. ‘लॅकर’ हा शब्द आपल्या लाखेवरूनच फिरत फिरत युरोपात गेला, पण आपली लाख किड्यांपासून मिळते. लाक्षागृहातली, बांगड्यांतली, ती. चिनी लॅकर म्हणजे झाडाचा चीक. हे झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि स्वभावही तोच. कच्चा चीक अंगाला लागला की बहुतेकांची कातडी उतते. गंमत म्हणजे हा चीक उन्हात ठेवून नीट वाळत नाही. घट्ट व्हायला त्याला दमट हवा लागते. म्हणून एकेक पातळ हात द्यायचा, दमट खोलीत ठेवायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. नुसत्या लॅकरच्या थरात कोरीव काम करायचं तर असे शंभरावर हात लागत. छोट्या डबीला ते ठीक. पण अडीच मीटर उंच आणि उघडल्यावर सहा मीटरच्या आसपास पसरणाऱ्या बारा पाटांच्या पडद्याला?

त्यावरचा तोडगा म्हणजे ‘क्वानत्साई’. लाकडावर आधी मातीसारख्या लेपाचा जाड थर आणि वर लॅकरचे मोजकेच हात. मग लॅकर कापून नक्षी आतल्या लेपापर्यंत खोदायची आणि खळग्यांत रंग भरायचे. आकृत्यांच्या कडांना लॅकरची बारीक रेघ तेवढी उभी राहते. जवळून पाहिलं तर माणसाच्या अंगरख्याचा रंग काळ्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल बसलेला दिसतो. जुना पडदा ओळखायला मला तरी हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

चीनमध्ये असा पडदा वाढदिवसाला, विशेषतः वयस्कर अधिकाऱ्याला, भेट दिला जाई. त्यामुळे नक्षीही शुभेच्छांचीच: राजवाड्यातला सोहळा, दीर्घायुष्याचे क्रौंच आणि पीच, कडेच्या चौकटीत जुनी भांडी, फुलदाण्या, पुस्तकं. चिनी नक्षीत वटवाघूळही हौसेने काढतात, कारण त्याचा आणि ‘सौभाग्य’ या शब्दाचा उच्चार एकच, ‘फू’. (आपल्याकडे कुणी आहेराच्या वस्तूवर वटवाघूळ काढलं असतं का?) पाठीमागे अनेकदा लांबलचक मजकूर कोरलेला असे: सत्कार कुणाचा, भेट देणारे कोण, साल कुठलं.

युरोपात पोहोचल्यावर या पडद्यांवर करवत चालली. पाट भिंतींना ठोकले गेले. नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या राजवाड्यातली 1695 पूर्वीची अशी एक खोली आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. उरलेल्या तुकड्यांची कपाटं, खण, आरशांच्या चौकटी झाल्या. तुकडे हवे तसे जोडल्यामुळे माणसं आणि झाडं उलटीपालटी व्हायची. 1688 मध्ये जपानिंगच्या, म्हणजे लॅकरची नक्कल करण्याच्या, कलेवर लिहिणाऱ्या स्टॉकर आणि पार्कर या इंग्रज जोडीनेही या खिचडीची टर उडवली होती.

पुढे कारागीर पाट जाडीतूनही चिरू लागले, म्हणजे एका पाटाचे दोन पातळ पत्रे मिळत. चित्राची बाजू एका कपाटाला गेली, मजकुराची दुसरीकडे. त्यामुळे एखाद्या फ्रेंच कपाटाच्या दारावर मेजवानी रंगलेली असते, कडेला एका पाहुण्याचं अर्धंच अंग उरलेलं असतं, आणि वाढदिवस कुणाचा होता ते त्या दारावर कुठेच लिहिलेलं नसतं.