व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला येताय? निघण्याआधी हे वाचा

नाव नोंदवल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : फुलं नक्की दिसतील ना? दिसतील. पण सलग रंगीत गालिचा मनात धरून आलात, तर पहिल्या तासातच हिरमोड होईल. कासचं पठार ऐन बहरात एकेका रंगाने भरून जातं, तसं इथे क्वचितच होतं. गुडघाभर, कधी कमरेइतक्या हिरवाईत शेकडो जातींची फुलं मिसळून उगवतात आणि दर पंधरवड्याला त्यांतली वेगळीच पुढे येतात. म्हणून आम्ही खोऱ्यासाठी दोन दिवस ठेवतो. एका दिवसात उरकणारी सहल स्वस्त पडते, हे खरं आहे. पण तो एक दिवस धुक्यात गेला, तर एवढ्या लांब येऊन हाती काही लागत नाही.

हे खोरं उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, भ्यूंडार गावाच्या वर आहे. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार इथे उतरले आणि हे खोरं बाहेरच्या जगाला कळलं. स्थानिक मेंढपाळ अर्थातच पिढ्यानपिढ्या इथे कळप आणत होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा चराई थांबली. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कधी यावं

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. जूनमध्ये ओढ्यांवर बर्फ असतो आणि फुलं थोडी. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा खरा बहर, आणि तोच भर पावसाचा काळ. पाऊस टाळून फुलं बघता येत नाहीत. सप्टेंबरात आकाश मोकळं होतं, पण झाडोरा पिवळा पडू लागतो.

वाट

ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस गाडीत जातो. पावसाळ्यात दरड कोसळली, की रस्ता तासन् तास बंद राहतो. एका मोसमात आमचा गट सात तास एकाच वळणावर अडकला होता आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. तेव्हापासून आम्ही एक दिवस राखीव ठेवतो. परतीचं विमान किंवा रेल्वे त्याच्या आधीची काढू नका, ही कळकळीची विनंती.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून मुक्कामाच्या घांघरिया गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण. शेवटचे तीन-चार किलोमीटर दमवतात. मोठी सॅक खुशाल खेचरावर द्या. गुडघे दुखत असतील, तर घोडा किंवा कंडीही (हमालाच्या पाठीवरची बसायची टोपली) मिळते.

घांघरिया साधारण तीन हजार मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीला थोडंच कमी. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांना आमचं मुद्दाम सांगणं आहे, कारण त्रास बऱ्याचदा त्यांनाच होतो. दम आहे म्हणून ते झपाझप चढतात आणि रात्री डोकं धरून बसतात. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं वाटणं, यांतलं काहीही असेल तर गटप्रमुखाला लगेच सांगा. अंगावर काढू नका.

खोऱ्यात

सकाळी लवकर निघायचं. वनखात्याच्या चौकीवर पास घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. आत मुक्कामाला परवानगी नाही. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला, की भूर्जवृक्षांतून चढ लागतो. त्यांची साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली असते. जुन्या पोथ्या याच सालीवर लिहीत. हात लावून बघा, ओढू मात्र नका.

मग झाडी संपते आणि खोरं उघडतं. वाटेवर नागाच्या फण्यासारखं फूल दिसलं, तर ते आपल्याकडच्या सापकांद्याचं भावंड आहे. गुलाबी-जांभळा उंच तेरडाही ओळखीचा वाटेल. निळी पॉपी मात्र शोधावी लागते. दगडांच्या आडोशाला, अंगभर बारीक काटे असलेल्या देठावर तिच्या पातळ निळ्या पाकळ्या पावसाच्या थेंबानेसुद्धा वाकतात. तिच्यापुढे आमचे बरेच प्रवासी बराच वेळ नुसते बसून राहिले आहेत.

आत जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. वनस्पती गोळा करायला त्या ब्रिटनहून आल्या आणि १९३९ साली इथेच कड्यावरून घसरून गेल्या. ओल्या खडकावर फोटोसाठी चढू नका, असं आम्ही दरवर्षी सांगतो ते यासाठीच.

ब्रह्मकमळ बघायचं असेल, तर घांघरियाच्या वर असलेल्या हेमकुंड तलावाचा दिवस चुकवू नका. ते त्या चढणीवर वरच्या टप्प्यात, ऑगस्टपासून दिसतं. चढ खडा आहे आणि उंची चार हजार मीटरच्या पुढे जाते. वर तलावाकाठी गुरुद्वारा आणि लक्ष्मणाचं मंदिर आहे, आणि लंगरात गरम खिचडी-चहा मिळतो.

बरोबर काय आणावं

वापरून मऊ झालेले बूट (नवे कोरे नकोत), पाँचो, लोकरीचे मोजे तीन जोड, रोख पैसे, नेहमीची औषधं. फोन दरवेळी लागेलच असं नाही, हे घरी सांगून या. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आम्ही आणतो.

बिस्किटांची वेष्टणं घरीच काढून सगळं डब्यात भरा. जे प्लॅस्टिक तरीही येईल, ते आमच्या पिशवीत टाका. ती पिशवी आम्ही ऋषिकेशपर्यंत परत आणतो. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांचं पत्र निघण्याच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे पोचवा.