खालच्या पट्टीतलं नाव

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या पेढ्यांत गादीच्या मागे कॅलेंडर लटकलेलं असतं. वर कमळात उभी लक्ष्मी, खाली तारखा आणि तळाशी दोन बोटं रुंद पट्टीत दुकानाचं नाव, पत्ता, फोन. असली कॅलेंडरं बहुधा शिवकाशीची. दिवाळीच्या आधी एजंट नमुन्यांचा आल्बम घेऊन येतो, शेठ पान निवडतात आणि पट्टीचा मजकूर लिहून देतात. तीच लक्ष्मी समोरच्या सराफाकडेही असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. छोट्या दुकानांच्या वेबसाइटी एकसारख्या दिसतात अशी तक्रार ऐकली की मला ही पट्टी आठवते.

चित्रावरून माल ओळखायची सवय त्याहून जुनी आहे. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्या सुमारास विलायती गिरण्या इथे पाठवायच्या कापडाच्या ताग्यांवर देवादिकांची, हत्ती-वाघांची रंगीत टिकटं चिकटवू लागल्या होत्या. ज्याला वाचता येत नसे तो चित्र सांगून कापड मागे. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि तसली चित्रं घरोघर भिंतीवर गेली.

या सगळ्यात दुकानाचा स्वतःचा माल रंगवला तो फक्त पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने. घड्याळवाल्याचं घड्याळ, शिंप्याची कात्री, दातवाल्याची कवळी. प्रमाण चुकायचं, पण ती कात्री त्या दुकानाची असायची. मग फ्लेक्स आला. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसलेला पोरगा विचारू लागला, ‘मॅटर द्या.’ चित्र त्याच्या सीडीत तयारच होतं.

वेबवर पानाच्या मजकुरात चित्र बसवायचा ‘इमेज’ टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली खूण, मार्क अँड्रीसनने फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवला. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, तेही आधी महानगरांत. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर शंभर केबीचा फोटो उतरायला, लाइन धड असली तरी, पंधराएक सेकंद लागत. म्हणून फोटो लहान आणि थोडे. त्यात देवनागरीचा घोळ. युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टांना एकच कोडिंग, रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टचं कोडिंग वेगळं. तो फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसला की अक्षरांऐवजी कचरा दिसे. त्यावर उपाय एकच: दुकानाचं नाव कोरलमध्ये टाइप करायचं आणि जेपीजी, म्हणजे चित्राची फाइल, करून चिकटवायचं. म्हणजे नावाचंही चित्रच झालं.

२००० साली आयस्टॉकफोटो ही तयार फोटोंची साइट सुरू झाली आणि पुढे स्वस्त तयार फोटोंचा सुकाळ झाला. हस्तांदोलन करणारे सूटवाले, कानाला हेडफोन लावून हसणारी बाई. त्यांचा आपल्या धंद्याशी संबंध नाही हे निदान लगेच कळतं. खरी गंमत होते ती धंद्याशी जवळपास जुळणाऱ्या फोटोत.

माझ्या ओळखीच्या एका संत्राबर्फीवाल्याच्या साइटवर अनेक वर्षं एक फळ होतं: गुळगुळीत, गडद केशरी, सुरीने गोल चकत्या केलेलं. ते संत्रं नव्हतंच. इंग्रजीत ‘ऑरेंज’ शोधलं की मोसंबीच्या जातकुळीतलं, साल घट्ट चिकटलेलं फळ समोर येतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, देठाशी थोडी उचललेली, रंगात हिरवट-पिवळी झाक. नखाने सोलायचं आणि फोडी वेगळ्या करायच्या. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या संत्र्याला. गिऱ्हाइकाने यावरून भांडण काढलं नाही, पण साइट पाहून मला दुकान आठवत नसे.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, कॅमेरा खिशात आला. मागच्या हिवाळ्यात बर्फीवाल्यांच्या पोराने साइटवरचं सगळं बदललं. ‘दुकानातलेच फोटो टाकून राहिलो भाऊ आता,’ म्हणाला. स्टीलचा ट्रे, वर्ख एका कोपऱ्यात निघालेला, वडिलांचा अंगठा, ट्यूबलाइटची रेघ. मी म्हटलं, ट्रे दाराशी नेऊन सकाळच्या उजेडात काढ. बाकी अंगठा राहू दे.

दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा कायदा २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे. साइटला तो लागत नाही. वरच्या पट्टीत त्यांचं नाव अजून जुनं जेपीजीच आहे, आणि गूगलवर ते मराठीत टाइप केलं की साइट काही वर येत नाही.