मोबाइल जाळ्यावरून सुरक्षित दूरप्रवेश (ग्रामीण विदर्भ)

व्यवसायाचा संगणक किंवा हिशेब बाहेरगावाहून मोबाइल इंटरनेटवर उघडावा आणि मधल्या कोणालाही तो वाचता येऊ नये, यासाठीची व्यवस्था. बहुधा ती व्हीपीएनने, म्हणजे दोन टोकांमधल्या कूटबद्ध बोगद्याने साधतात.

हिंगणघाट-वणीकडची जिनिंग, गोंदियाची राईस मिल, अकोल्याची डाळमिल यांचा हिशेब अनेकदा मिलमधल्या एकाच संगणकावर असतो; मालक किंवा सीए मात्र नागपूर-अमरावतीत. अशा वेळी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणकाचा पडदा उघडून काम करण्याच्या सोयीचे) 3389 पोर्ट, म्हणजे त्या सोयीचे क्रमांकित दार, थेट इंटरनेटला उघडून देण्याची सोपी वाट धरली जाते. ती धोक्याची आहे: उघडी पोर्टे शोधून पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात, आणि खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर याच दाराने शिरते.

मोबाइल जाळ्याचे स्वतःचे कूटन पुरत नाही, कारण ते कंपनीच्या जाळ्यातच संपते. त्यातही 2जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही. ही उणीव 3जीने भरून काढली. मेळघाटात किंवा भामरागडच्या वाटेवर रेंज पडली की फोन 2जीवर उतरू शकतो.

खरी अडचण मात्र कनेक्शन टिकण्याची. टॉवर किंवा सिम बदलले की आयपी पत्ता (इंटरनेटवर उपकरण ओळखणारा क्रमांक) बदलू शकतो आणि जुन्या पद्धतीचा बोगदा तुटतो. आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीला 2006 मध्ये मिळालेली मोबाइक ही जोड आणि मार्च 2020 मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या 5.6 आवृत्तीत आलेली वायरगार्ड ही व्हीपीएन पद्धत पत्ता बदलला तरी जोडणी राखतात. लॉगिन होते पण मोठी यादी उघडत नाही, ही तक्रार अनेकदा रेंजची नसून एमटीयूची, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या कमाल आकाराची (बाइटमध्ये), असते. वायरगार्डचा नेहमीचा 1420 आकडा 1280 पर्यंत उतरवून पाहावा. मिलमधला राउटरही सिमवरच चालत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्याने बाहेरून तिथे पोचता येत नाही. मग मिल आणि मालक या दोघांनीही मधल्या एका सर्व्हरकडे बोगदा काढावा लागतो.

पासवर्डाच्या जोडीला दुसरा पुरावा हवाच. एसएमएसचा ओटीपी रेंजअभावी अडकतो. दर 30 सेकंदांनी बदलणारा अ‍ॅपमधला कोड रेंजशिवाय तयार होतो, फक्त फोनचे घड्याळ बरोबर हवे. प्रत्येक फोनला व्हीपीएनची स्वतंत्र किल्ली (ओळख पटवणारा गुप्त संकेत) द्यावी, म्हणजे मुनीमजींचा फोन बाजारात हरवला तर तेवढीच रद्द करता येते.