माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत संधिवाततज्ज्ञ म्हणून काम : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

मुंबईतील अनेक संधिवाततज्ज्ञ माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची भरतीची जाहिरात उघडतात, तीत ‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट’ हे पदनाम शोधतात आणि ते सापडले नाही म्हणून पान मिटून टाकतात. ते पदनाम तेथे सहसा नसतेच. एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ईसीएचएस, ही योजना १ एप्रिल २००३ पासून चालू असून ती संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत येते. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्यक अधिकारी, मेडिकल स्पेशालिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ अशी पदे कंत्राटी पद्धतीने भरली जातात. संधिवाताच्या डॉक्टरने अर्ज करायचा तो मेडिकल स्पेशालिस्टच्या पदासाठी, आणि त्या पदाला विचारली जाते ती मेडिसिनमधील एम.डी. किंवा तिच्या तोडीची डीएनबी ही पदव्युत्तर पदवी. डी.एम. ही एम.डी.नंतरची संधिवातशास्त्रातील पदवी अर्जात अवश्य लिहावी, परंतु अर्ज पात्र ठरतो तो एम.डी.वर. पुढची सगळी कागदपत्रे याच हिशेबाने लावावी लागतात.

अर्जाकडे वळण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणत्या दाराने आत जायचे आहे ते ठरवलेले बरे, कारण प्रत्येक दाराचे कागद वेगळे असतात. पहिले दार पॉलिक्लिनिकमधील कंत्राटी नेमणुकीचे, आणि हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे. दुसरे दार योजनेच्या यादीवर असलेल्या खासगी रुग्णालयाचे. तेथे करार रुग्णालय आणि योजना यांच्यात होतो, डॉक्टर त्या रुग्णालयाचाच राहतो आणि पॉलिक्लिनिकने पाठवलेले रुग्ण रेफरलच्या कागदासह त्याच्याकडे येतात. त्यासाठी वैयक्तिक अर्ज करावा लागत नाही, रुग्णालयाच्या यादीत आपले नाव आणि नोंदणी क्रमांक बरोबर गेला आहे एवढे पाहावे लागते. तिसरे दार सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेतील अल्पमुदतीच्या कमिशनचे. तेथे वयाची अट कडक असून पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी ती ३५ वर्षांची आहे. एमबीबीएस, इंटर्नशिप, एम.डी. आणि त्यावर तीन वर्षांचे डी.एम. एवढे एका दमात पार पडले तरी वय तिशीला टेकलेले असते, त्यामुळे हा विचार डी.एम.च्या शेवटच्या वर्षातच करावा, नंतर नव्हे. हे कमिशन सुरुवातीला पाच वर्षांचे असते व मुदतवाढीसह जास्तीत जास्त चौदा वर्षांपर्यंत जाते. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीसारख्या लष्करी रुग्णालयात गणवेशात काम करण्याचा रस्ता हाच. मात्र नेमणूक कोठे होईल ते सेवा ठरवते. ‘मुंबईच हवी’ हा आग्रह तेथे चालत नाही.

कंत्राटी पदाच्या पात्रतेत तीन गोष्टी पाहिल्या जातात : पदव्युत्तर पदवी, त्या पदवीनंतरचा अनुभव आणि वय. अनुभव किती वर्षांचा आणि वयाची कमाल मर्यादा कोणती, हे आपण ज्या जाहिरातीला उत्तर देत आहोत तिच्यातूनच वाचावे, मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या जाहिरातीतून नव्हे. मानधन ठोक असते आणि तेही जाहिरातीतच छापलेले असते. पात्र माजी सैनिकांना या भरतीत प्राधान्य असते, त्यामुळे लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी अर्जाच्या पहिल्याच पानावर तसे स्पष्ट लिहावे. नागरी डॉक्टरांनी याने नाउमेद होण्याचे कारण नाही. मुंबईत मेडिसिनच्या तज्ज्ञाला खासगी रुग्णालयात मिळणारे उत्पन्न पाहता या पदासाठी रांग लागते असे मला तरी कधी दिसले नाही.

अनुभवाच्या दाखल्यावर थोडे थांबतो, कारण अर्ज अडकतात ते येथेच. मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत मानद किंवा अर्धवेळ तज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉक्टरकडे बहुधा एक स्तुतिपर पत्र असते : अमुक डॉक्टरांनी आमच्याकडे उत्तम काम केले, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा. मुलाखतीला मी असेच एक पत्र घेऊन गेलो होतो. मंडळातील एका अधिकाऱ्याने ते वाचले, पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि विचारले, “रुजू कधी झालात?” तारीख नव्हती. जावक क्रमांकही नव्हता. सहा वर्षांचे काम त्या कागदावर शून्य वर्षांचे ठरले आणि मला ‘पुढच्या वेळी’ असे ऐकून परत यावे लागले. म्हणून दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख किंवा ‘आजतागायत’ हा शब्द, पद, विभाग, काम पूर्णवेळ की अर्धवेळ, जावक क्रमांक, शिक्का आणि सही करणाऱ्याचे पदनाम एवढे सारे हवे. डी.एम.ची तीन वर्षे अनुभवात धरली जावीत अशी अपेक्षा असेल, तर त्या काळात बाह्यरुग्ण विभाग आणि आंतररुग्ण विभाग सांभाळल्याचे विभागप्रमुखांचे पत्र जोडावे आणि ही वर्षे धरणार का, हे अर्जापूर्वीच ईसीएचएस कक्षाला लेखी विचारून घ्यावे.

नोंदणीच्या बाबतीत महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या कागदांत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते. एक म्हणजे मूळ नोंदणी, जिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत वैद्यकीय परिषदा, कार्यशाळा यांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. दुसरी म्हणजे अतिरिक्त अर्हतेची नोंदणी. एम.डी. झाल्यावर ती नोंदवली, परंतु डी.एम. नोंदवायचे राहून गेले, असे डॉक्टर मला सतत भेटतात. ज्या पदवीची परिषदेकडे नोंद नाही ती मुलाखतीच्या टेबलावर अर्धीच धरली जाते. नूतनीकरणाची मुदत संपत आली असेल तर आधी ते काम उरकावे, कारण परिषदेचे चिंचपोकळीचे कार्यालय कितीही जवळ वाटले तरी पॉइंट एका आठवड्यात गोळा होत नाहीत.

बाकी कागद नेहमीचेच आहेत : दहावी व बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, एमबीबीएस, एम.डी. आणि डी.एम.च्या गुणपत्रिका व पदव्या, इंटर्नशिपचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराची रंगीत छायाचित्रे. माजी सैनिक असल्यास डिस्चार्ज बुक, सेवेचा तपशील आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित छायाप्रती असे दोन गठ्ठे वेगळे ठेवावेत. ज्यांच्या हाती अजून पासिंग सर्टिफिकेटच आहे, पदवी दीक्षान्त समारंभाची वाट पाहत आहे, त्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून पदवी मागवण्याचे काम आजच सुरू करावे. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांची आणखी एक अडचण असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, एम.डी.वर सासरचे आणि आधारवर तिसरेच काही तरी, असे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे, आणि नावबदल राजपत्रात प्रसिद्ध केलेला असेल तर त्या पानाची प्रतही. केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

जाहिराती ईसीएचएसच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. अर्जाचा नमुना संकेतस्थळावर मिळतो. भरलेला अर्ज पाठवायचा असतो तो पॉलिक्लिनिककडे नव्हे, तर जाहिरातीत दिलेल्या स्टेशन मुख्यालयाच्या, म्हणजे त्या ठिकाणच्या लष्करी मुख्यालयाच्या, ईसीएचएस कक्षाकडे. एकाच जाहिरातीत दोन-तीन पॉलिक्लिनिकच्या जागा असू शकतात, तेव्हा आपण कोणत्या ठिकाणासाठी अर्ज करत आहोत ते लिफाफ्यावरही लिहावे. अर्ज हाताने दिल्यास पोच घ्यावी, टपालाने पाठवल्यास पावती जपावी. मुलाखतीसाठी प्रवासभत्ता मिळत नाही, हे जाहिरातीत लिहिलेलेच असते. लष्करी हद्दीत प्रवेशासाठी फोटो ओळखपत्र लागते आणि फाटकावरच्या नोंदवहीत वेळ जातो. लोकलने येणाऱ्यांनी तो अर्धा तास धरूनच निघावे.

मुलाखतीत वैद्यकीय प्रश्न असतात, पण खरे तपासले जाते ते हे की, हा सुपरस्पेशालिस्ट रोजची साखर, रक्तदाब आणि खोकला पाहायला तयार आहे का. आणि ते रास्त आहे. पॉलिक्लिनिकमध्ये संधिवाताचा वेगळा विभाग नसतो. तेथे मेडिसिनची ओपीडी असते, आणि तिच्यातूनच आपले रुग्ण हुडकावे लागतात. शिवाय माजी सैनिकांची योजना म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष येतात, परंतु अवलंबितांनाही ती लागू आहे आणि आमवात स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक. त्यामुळे समोर येऊन बसते ती पुष्कळदा निवृत्त हवालदाराची पत्नी किंवा आई, जी सकाळी तासभर बोटे वळत नाहीत हे वयाचे म्हणून सोसत असते. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध सुरू केल्यावर मी चिठ्ठीवर वार मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो : फक्त रविवारी. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, आणि औषधाच्या खिडकीवरून मिळालेल्या सात पुड्यांत ती सहज मिसळते. बायोलॉजिकसारखे महागडे औषध लागत असेल, तर क्षयरोग आणि कावीळ-बीच्या तपासण्या आधी करून त्यांचे अहवाल रेफरलबरोबरच जोडावेत. अपुऱ्या कागदांमुळे मंजुरी लांबते आणि तेवढे दिवस रुग्णाचे सांधे झिजत राहतात.

एक विनंती प्रत्येक नव्या डॉक्टरकडे येते, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलेला माजी सैनिक विचारतो की, पाठीचा हा आजार नोकरीमुळे झाला, असे लिहून द्याल का. आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला की सेवेमुळे बळावला, हे ठरवण्याचा अधिकार सेवेच्या वैद्यकीय मंडळाचा आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते आणि तो आकडाही मंडळच ठरवते. कंत्राटी डॉक्टरने निदान, ते कधी झाले, तपासण्यांचे निष्कर्ष आणि हालचालींची मापे एवढेच लिहावे, पण ते नीट, तारखांसह लिहावे. तो कागद पुढे मंडळासमोर जातो.

निवड झाल्यावर करारावर सही करण्यापूर्वी दोन कलमे सावकाश वाचावीत : खासगी प्रॅक्टिसविषयीचे आणि रजेविषयीचे. ज्यांचे संध्याकाळचे क्लिनिक दादरला किंवा ठाण्याला चालू आहे त्यांनी ते मुलाखतीतच सांगितलेले चांगले, नंतर कळण्यात कोणाचेच भले नाही. ज्या रुग्णालयात आपण संध्याकाळी बसतो ते योजनेच्या यादीवर असेल, तर सकाळी पॉलिक्लिनिकमधून तेथेच रुग्ण पाठवण्याचा मोह टाळावा आणि ही दुहेरी भूमिका प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवून ठेवावी. नेमणूक मर्यादित मुदतीची असते, कामगिरी पाहून ती वाढवली जाते आणि तिच्यातून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. मुदतवाढीचे प्रत्येक पत्र मागून घ्यावे आणि फाइलला लावावे, कारण उद्या दुसरीकडे अर्ज करताना येथल्या अनुभवाच्या तारखा याच पत्रांवरून लिहिल्या जातील.