चीनच्या राजकारणावर पीएचडी: नेट निघते, अर्ज कागदांवर अडतो

राज्यशास्त्रात एम.ए. करून चीनवर संशोधन करायचं म्हणणारी मुलं-मुली आता कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडूनही विचारायला येतात. अभ्यासात कुणी कमी नसतं. अर्ज बाद होतो तो ठरलेल्या तीन-चार कागदांवर. म्हणून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं थोडक्यात सांगतो, कागदांचं सविस्तर.

जायचं कुठं? जेएनयूतलं पूर्व आशिया अध्ययन केंद्र, दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशिया विभाग आणि शांतिनिकेतनमधलं १९३७ सालचं चीना भवन ही नेहमीची नावं. इथंच राहायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाकडे चौकशी करा. कुठंही गेलात तरी मार्गदर्शकाकडे जागा रिकामी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. आधी जागा विचारा, मग विषय ठरवा.

नेट वर्षातून दोनदा होते: दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, उणे गुण नाहीत. राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. मराठीतून द्यायची तर सेट ही राज्याची पात्रता परीक्षा आहे, पण सेटवर महाराष्ट्र-गोव्यात सहायक प्राध्यापक होता येतं, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळत नाही. आणि दरमहा ३७,००० रुपयांच्या जेआरएफशिवाय दिल्लीत राहणं किती घरांना परवडतं?

नेटसाठी एम.ए.ला खुल्या गटाला ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांगांना ५०. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे, पुढचा आकडा धरत नाहीत. गुणपत्रकावर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केलेलं विद्यापीठाचं पत्र आत्ताच काढून ठेवा.

आता मुदत. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत: जेआरएफ, सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफवाल्यांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण निकालाच्या तारखेपासून एकच वर्ष चालतात. ‘नेट आयुष्यभर चालते’ हे ऐकून लोक निवांत बसतात. आयुष्यभर चालते ती सहायक प्राध्यापकाची पात्रता. दुसरं म्हणजे, नेट निघाली की विद्यापीठ आपणहून बोलवत नाही. प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, शेवटची तारीख वेगळी. निकाल लागल्या दिवसापासून संकेतस्थळं बघत राहायचं.

सगळ्यात जास्त अर्ज जिथं मरतात ते ठिकाण म्हणजे जातीचा दाखला. आपल्या मुलांकडे राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर असतं, केंद्रीय विद्यापीठांना केंद्र सरकारचा नमुना लागतो. ओळखायचं कसं? केंद्राच्या दाखल्यावर भारत सरकारच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या आदेशाचा उल्लेख असतो. तो नसेल तर कागद कितीही शिक्क्यांचा असो, दिल्लीत चालत नाही. खिडकीवर ‘केंद्राच्या नमुन्यातला पाहिजे’ हे स्पष्ट सांगा आणि हातात पडला की तिथंच उभं राहून वाचा. आपल्याकडे कुठला नमुना हवा हे विचारायची पद्धत नाही, आणि घरी येऊन बघितलं तर पुन्हा रांग. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधीच तपासा. राज्याची यादी वेगळी आहे.

मराठा मुलांसाठी खास. राज्यातला एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही, तिथं तो प्रवर्गच नाही. कुणबी नोंद असेल तर केंद्राच्या यादीत ओबीसी. नसेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र), पण अटी नीट वाचा: कुटुंबाचं सगळं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांच्या आत. पगार धरतात, शेतीही धरतात, त्यामुळं उसाचं बिल लपवून उपयोग नाही. दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो, गेल्या वर्षीचा जोडला की अर्ज गेला. शिवाय नेटमध्ये ईडब्ल्यूएसला गुणांची सवलत नाही (५५ टक्केच लागतात) आणि जेआरएफच्या तीस वर्षांच्या वयोमर्यादेतही सूट नाही. ती पाच वर्षांची सूट एससी, एसटी, ओबीसी, दिव्यांग आणि महिलांना आहे.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. आपल्या बोर्डात आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर तिसरंच. बदल असेल तर राजपत्राची प्रत आधीच काढा.

संशोधन आराखड्याबद्दल दोन शब्द, कारण मुलाखतीत तोच उघडतात. ‘चीनची राजकीय व्यवस्था: एक अभ्यास’ या शीर्षकावर कुणी दार उघडणार नाही. छोटं आणि आपल्याला कळेल असं घ्या. आपण ग्रामपंचायत बघत वाढलोय. तिकडे १९८७ च्या प्रायोगिक कायद्यानं आणि १९९८ च्या पक्क्या कायद्यानं गावसमित्यांच्या निवडणुका आल्या, आपल्याकडे ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. चिनी गावात निवडून आलेला समितीप्रमुख आणि कम्युनिस्ट पक्षाच्या शाखेचा सचिव यांत खरी सत्ता कुणाकडे, हा प्रश्न सरपंच-ग्रामसेवक बघितलेल्या माणसाला वेगळ्याच बाजूनं सुचतो. सहकारी साखर कारखाना आणि १९८० च्या दशकात वाढलेले चीनचे नगर-ग्राम उद्योग (गावं आणि छोट्या नगरांतले कारखाने) यांची तुलनाही होऊ शकते. भाषेची अट जाहिरातीत नसली तरी ‘चिनी येते का?’ हा प्रश्न धरूनच चाला. ‘शिकतोय’ म्हणायचं असेल तर खरंच शिकायला लागा, समोर चार अक्षरं लिहायला सांगितली तर पंचाईत.

राहिले किरकोळ कागद: मूळ गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र. हे शेवटचं शिवाजी विद्यापीठाकडे वेळेत मागा, प्रवेश मिळाल्यावर धावपळ करू नका.

कुठं नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करणार असाल तर संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहून हव्यात: अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ. नुसतं ‘आमची हरकत नाही’ असं एका ओळीत लिहून देणाऱ्या संस्थाचालकांकडे मसुदा आपणच टाइप करून न्यावा.