गणित विभाग की सीडीएस?

दरवर्षी एमएस्सीचे निकाल लागले की तोच फोन. ‘दादा, अप्लाइड मॅथ्समध्ये पीएचडी करायचीय. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत गणित विभाग बघू की सीडीएस (कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस)? सीडीएस म्हणजेच अप्लाइड ना?’ नाही रे बाबा.

गणित विभाग तुम्हाला ठाऊकच आहे. अल्जेब्रा, अ‍ॅनॅलिसिस, टोपोलॉजी, मग संशोधन. सीडीएस हा सुपरकॉम्प्युटर केंद्रातून, म्हणजे ‘सर्क’मधून, २०१५ च्या सुमारास वेगळा झालेला विभाग. आवार एकच, शिष्यवृत्तीही सारखीच. त्यावर वेळ घालवू नका.

गोम आहे ती ‘काम झालं’ कधी म्हणायचं, यात. पॉइसनचं डिफरन्शियल समीकरण घ्या, फायनाइट एलिमेंटने, म्हणजे आकृतीवर जाळी टाकून घराघरात अंदाजे उत्तर काढत, सोडवायचं. हे करणारे दोन्हीकडे आहेत! गणित विभागात प्रश्न येतो: जाळीची घरं निम्म्या मापाची केली की चूक पाव होते, हे सिद्ध कर. मग आकृतीचा एखादा कोपरा आत वळलेला असेल तर? तिथे हा दर ढासळतो. किती, तेही सिद्ध कर. संगणकावरचा तक्ता येतो शेवटी, पडताळ्यापुरता. सीडीएसमध्ये तेच घर त्रिमितीत निम्मं केलं की अज्ञातं आठपट: बाजूला १०० भाग असताना साधारण १० लाख, २०० केले की ८० लाख. हे मेमरीत मावणार कसं? प्रोसेसरच्या हजार कोअरवर वाटून दिलं तर कोअर एकमेकांची वाट बघत बसतात, त्याचं काय? तिथे प्रमेय उसनं आणलं तरी चालतं, पण कोड धावला नाही तर प्रबंध अडतो.

‘टोपोलॉजी जमली नाही म्हणून सीडीएस’ आणि ‘कोडिंगचा कंटाळा म्हणून गणित’, ही दोन्ही कारणं ऐकली की माझं डोकं फिरतं. पहिल्याला सीडीएसमध्ये लिनिअर अल्जेब्रा रडवते आणि दुसऱ्याला न्यूमेरिकल अ‍ॅनॅलिसिसचा गाइड पहिल्याच महिन्यात कोड लिहायला बसवतो.

जाता जाता: त्याच शहरातल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) केंद्राच्या नावात ‘अ‍ॅप्लिकेबल मॅथेमॅटिक्स’ आहे, त्याला भुलू नका. तिथे डिफरन्शियल इक्वेशन्सचं अ‍ॅनॅलिसिस चालतं, चांगलं कडक, सिद्धतांसकट.

मुलाखतीआधी मनात असलेल्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे दोन प्रबंध उघडा आणि मधलं एक प्रकरण चाळा. पानापानावर लेमा (छोटी साहाय्यक प्रमेयं) दिसतात, की किती कोअरवर किती सेकंद लागले त्याचे आलेख?