तळ्यातील कार्प माशांचा दैनंदिन आहारक्रम

भारतीय मत्स्यशेतीत कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प मासे एकाच तळ्यात वाढवतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. तिघांचीही भूक पाण्याच्या अवस्थेप्रमाणे दिवसभरात कमीजास्त होते.

मासे शीतरक्ताचे असतात. पाणी साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस असेल तर पचन जलद होते आणि मासे भरपूर खातात; २० अंशांखाली भूक मंदावते. म्हणून थंडीत ऊन चढल्यावरच खाद्य द्यावे.

रोजच्या चढउतारात मात्र सर्वांत मोठा वाटा विरघळलेल्या प्राणवायूचा असतो. दिवसा सूक्ष्म शैवाले तो तयार करतात आणि दुपारी तो सर्वाधिक असतो. रात्री ही निर्मिती थांबते, पण शैवाले, मासे आणि तळातला गाळ तो वापरतच राहतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास तो नीचांकाला येतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असताना मासे नीट खातात, ३ च्या खाली बहुतेक तोंड फिरवतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर ती भूक नव्हे, घुसमट आहे. अशा वेळी पेंड टाकणे घातक ठरते, कारण खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतोच. पावसाळ्यात सलग काही दिवस आभाळ भरून राहिले तरी हीच अडचण येते. तेव्हा खाद्य निम्म्यावर आणावे किंवा बंद ठेवावे.

आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात भाताचा कोंडा आणि पेंड छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून तळ्यात रोवलेल्या बांबूंना बांधतात. मासे छिद्रांना तोंड लावून खाद्य ओढून घेतात. पिशवी एरवीपेक्षा उशिरा रिकामी होऊ लागली, की पाण्यात काहीतरी बिघडल्याचे कळते. मोजमापाचे साधन नसलेल्या शेतकऱ्याला याहून स्वस्त आणि भरवशाची खूण क्वचितच मिळेल. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. दुपारी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) चढला की त्यातला विषारी अंश वाढतो आणि भूक आणखी मरते.

ठरावीक जागी, ठरावीक वेळी खाद्य मिळत राहिले तर मासे ती वेळ ओळखतात आणि आधीच तिथे गोळा होतात. मागूर हा मिशाळ मासा मात्र निशाचर असल्याने त्याच्या खाद्याचा मोठा वाटा संध्याकाळी देतात.